परत आलेल्या मुलाच्या बाजूने

सेमिनरीतून घरी परतलेल्या तरुणाविषयी बोलताना आपल्या समाजात एकच क्रियापद वापरले जाते : 'सोडली'. एखाद्याने दारू सोडली तर त्याचे कौतुक होते, नोकरी सोडली तर कारण विचारले जाते. 'सेमिनरी सोडली' म्हटले की बोलणाऱ्याचा आवाजच खाली येतो. पुढचे प्रश्न ठरलेले असतात. अभ्यास झेपला नाही का? कोणी मुलगी आडवी आली का? वरिष्ठांशी खटका उडाला का? हा मुलगा सात वर्षे प्रार्थनेत आणि अध्ययनात राहिला, आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकापुढे त्याने मन मोकळे केले आणि प्रभू आपल्याला या वाटेने नेत नाही, अशा निष्कर्षाला तो प्रामाणिकपणे आला, ही शक्यता मात्र कोणाच्या मनाला शिवत नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जो समाज 'नाही' म्हणणाऱ्याला दोषी ठरवतो, त्या समाजात उच्चारलेल्या 'होय'वरही भरवसा ठेवता येत नाही. ज्याची मागे फिरण्याची वाट बंद आहे तो पुढे चालत राहिला, तर ते चालणे पाचारणामुळे आहे की लाजेमुळे, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. आणि उद्या तोच मनुष्य चाळीस वर्षे आपल्या वेदीपाशी उभा राहणार आहे, आपले पापनिवेदन ऐकणार आहे, आपल्या मरणाऱ्यांच्या उशाशी बसणार आहे.

'सेमिनरी' हा शब्द मुळात लॅटिन भाषेतला. त्याचा अर्थ रोपवाटिका. त्रेंतच्या विश्वपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी अशा रोपवाटिका काढण्याचा आदेश दिला. भातशेती करणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता. राबातली रोपे काढून कोणत्या खाचरात लावायची हे जमीन आणि पाणी पाहून ठरते. शेजारच्या खाचरात लागलेले रोप राबातून पळाले, असे कोणी म्हणत नाही.

ख्रिस्तसभेचा कायदाही याच समजुतीने लिहिलेला आहे. १९८३ च्या कायदेसंहितेनुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या अध्ययनाला किमान सहा वर्षे द्यावी लागतात आणि पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणाला गुरुदीक्षा देता येत नाही. एवढा वेळ कशासाठी? शिकण्यासाठी, हे खरेच. पण त्याहून अधिक पारखण्यासाठी. मुलाने देवाची हाक पारखावी आणि ख्रिस्तसभेने मुलाला पारखावे. ज्या परीक्षेचा निकाल आधीच जाहीर झाला आहे तिला परीक्षा कोण म्हणेल? तरीही आपल्याकडे निकाल पहिल्याच वर्षी लागतो. सुट्टीत घरी आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला मावशी 'काय फादर, कधी आलात?' म्हणून विचारते. सगळे हसतात, तोही हसतो. तीन-चार वर्षांनी त्याच्या मनात शंका उभी राहते तेव्हा तो देवापुढे बसण्याआधी मावशीपुढे बसलेला असतो.

नवगुरूच्या पहिल्या मिस्सेला मांडव पडतो, बँड वाजतो, परगावचे आप्त येतात, गावजेवण होते. या आनंदाला आमचा विरोध नाही. आमच्या वेळीही मांडव पडला होता आणि त्या दिवशीचा आईचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही. पण तो मांडव मनातल्या मनात आठ-दहा वर्षे आधी घालून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही आईबापाला नाही. जब्दीच्या मुलांची आई प्रभूकडे आली आणि आपला एक मुलगा उजवीकडे व एक डावीकडे बसावा, अशी मागणी तिने घातली. प्रभू तिच्यावर रागावला नाही. त्याने मुलांकडे वळून प्याल्याविषयी विचारले. प्याला ज्याला प्यावयाचा आहे उत्तर त्यानेच द्यायचे, हे त्या माउलीला तिथल्या तिथे समजले असेल. जब्दीचेही स्मरण ठेवावे : मुले जाळी टाकून निघून गेली आणि हा बाप मजुरांसह होडीत राहिला. त्याने काय म्हटले ते शुभवर्तमानकार लिहीत नाहीत. त्याने अडवल्याचेही लिहीत नाहीत.

जे अडवतात त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. त्याच कायदेसंहितेच्या १०२६ व्या कलमात दोन गोष्टी एका श्वासात सांगितल्या आहेत. दीक्षा घेणाऱ्याला योग्य ते स्वातंत्र्य असले पाहिजे. म्हणून कोणत्याही प्रकारे, कोणत्याही कारणासाठी त्याच्यावर बळजबरी करणे निषिद्ध आहे आणि जो पात्र आहे त्याला परावृत्त करणेही निषिद्ध आहे. आपल्या घराघरांतून दोन्ही अर्धी मोडली जातात. एका घरी नवस फेडायला मुलगा दिला जातो. दुसऱ्या घरी 'आधी इंजिनिअर हो, परदेशी जा, मग बघू' म्हणून दहा वर्षे पुढे ढकलला जातो. आज घरात एक किंवा दोन मुले असतात, म्हातारपणी कोण पाहणार, ही धास्ती खोटी नाही आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ती धास्ती धास्ती म्हणूनच मुलापुढे मांडावी. 'तुला हे जमायचे नाही', असा तिचा वेष पालटू नये.

आता आपल्या संताविषयी. संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने वसईत चर्च आहे, कॉलेज आहे, घराघरात गोन्सालो आहेत. पण त्यांची कथा आपण शेवटापासून सांगतो : नागासाकी, क्रूस, भाले, ५ फेब्रुवारी १५९७. मधली पाने कोणी उघडत नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकून त्यांनी धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षे सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती पुरी झाली नाही. ते बाहेर पडले आणि व्यापारात शिरले; व्यापारही चांगला चालला. त्या वेळी वसईत ती बातमी चर्चच्या पायरीवर कोणत्या शब्दांत सांगितली गेली असती, याची कल्पना वाचकांनी करावी! पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषे म्हणून ते पुन्हा जपानला गेले, ते परत न येण्यासाठी. त्यांची जपानी भाषा मिशनच्या कामी आली ती पहिल्या, 'फसलेल्या' वर्षांची कमाई होती. आणि ते धर्मगुरू कधीच झाले नाहीत. १८६२ साली ख्रिस्तसभेने ज्यांना संत म्हणून घोषित केले त्या वसईच्या सुपुत्राने मिस्साबलिदान अर्पण केले नव्हते.

पाचारण म्हणजे झगा, ही आपली व्याख्या आपल्याच संताला लागू पडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात सांगून ठेवले की पवित्रतेचे पाचारण स्नानसंस्कार घेतलेल्या प्रत्येकाला आहे. साठ वर्षे होऊन गेली. तरी पाचारण रविवारी आपण धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि लग्न झालेली मंडळी ती प्रार्थना दुसऱ्या कोणासाठी आहे अशा चेहऱ्याने म्हणतात.

मुलाची ही अवस्था, तर मुलीची काय सांगावी! कॉन्व्हेंटमधून परतलेल्या मुलीला समाज दुप्पट दंड करतो. मुलगा निदान नोकरी धरून चारचौघांत मिसळतो. मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की 'ती आत होती' हे वाक्य कोणीतरी कुजबुजतेच, जणू ती तुरुंगात होती. ख्रिस्तसभेची व्यवस्था काय आहे ते या कुजबुजणाऱ्यांना ठाऊक आहे का? नवशिक्षणाच्या काळात कोणतीही उमेदवार आपल्या मर्जीने संस्थेतून निघू शकते. त्यानंतरची पहिली व्रते तात्पुरती असतात. तीन ते सहा वर्षांच्या मुदतीची, फार तर नऊ वर्षांपर्यंत वाढवता येणारी. मुदत संपली की ती घरी येऊ शकते आणि त्यात व्रतभंग नाही, पाप नाही. हा दरवाजा ख्रिस्तसभेने विचारपूर्वक उघडा ठेवला आहे. बाहेरून त्याला कडी घालणारे आपण कोण?

यावर एक आक्षेप येईल आणि तो आमच्या काही धर्मगुरू मित्रांकडूनच येईल : आजची मुले आधीच चंचल, त्यांना परतीची वाट दाखवली तर कोण टिकेल? आक्षेप वजनदार आहे. पण त्याचे उत्तर परतीची वाट बंद करणे हे नव्हे. परतण्याचा निर्णयही तितक्याच कसोटीने पारखला जावा, हे आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी झालेले संत इग्नेशियस लोयोला अंथरुणावर पडून होते, तेव्हा त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. शौर्याची आणि दरबारी मानाची स्वप्ने रंगवताना आनंद होई. पण ती सरली की मन कोरडे पडे. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या वाटेचा विचार मात्र मागे समाधान ठेवून जाई. या निरीक्षणातून पुढे त्यांनी मनाच्या पारखणीचे नियम बांधले. त्यांतला एक नियम असा की मन खिन्न आणि अंधारलेले असताना आधीचा निर्णय बदलू नये. परीक्षेत नापास झाला, एखाद्या फादरने चारचौघांत सुनावले, त्या रात्री बॅग भरू नये. पण खिन्नता ओसरल्यावर, शांत मनाने, महिनोन्‌महिने प्रार्थना करून तोच निष्कर्ष पुन्हा पुन्हा समोर येत असेल तर? तेव्हा त्याला थांबवणे म्हणजे देवाच्या आवाजावर आपला आवाज चढवणे होय.

राहिली संख्येची गोष्ट. कोणत्या धर्मग्रामाने किती धर्मगुरू दिले याची गणती आम्हीही ऐकतो. पीक फार आणि कामकरी थोडे, असे प्रभूने म्हटले हे खरे; पण त्यापुढे त्याने पिकाच्या धन्याची प्रार्थना करायला सांगितले, भरती करायला सांगितले नाही. गरसेकरांच्या प्रदेशात भूतबाधेतून मुक्त झालेला मनुष्य होडीत चढणाऱ्या येशूला विनवू लागला : मला बरोबर येऊ द्या. हाती आलेला, कृतज्ञ, सर्वस्व द्यायला तयार असा उमेदवार! येशूने त्याला होडीत घेतले नाही. त्याने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांत पाठवले आणि देवाने केलेले उपकार तिथे सांगायला लावले. तो मनुष्य दकापलीस भागात घोषणा करीत फिरला. त्याने होडी 'सोडली' असे मार्क लिहीत नाही.

गुरुदीक्षेच्या विधीत एक क्षण असतो, त्याकडे फोटोग्राफरांच्या गर्दीत आपले लक्ष जात नाही. हा उमेदवार योग्य आहे काय, असे बिशप विचारतात, आणि त्याला सादर करणारा धर्मगुरू उत्तर देतो की ख्रिस्ती प्रजेला आणि जबाबदार व्यक्तींना विचारून तो योग्य ठरला आहे. ही ख्रिस्ती प्रजा म्हणजे आपण. दीक्षेला बाधक अशी एखादी गोष्ट ठाऊक असेल तर ती वेळेवर कळवणे हे कायद्याने श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे. पण कोणी विचारले तर आपण काय सांगतो? 'चांगल्या घरचा मुलगा आहे.' घराविषयी कोणी विचारले नव्हते. त्याच्या रागाविषयी, गरिबांशी असलेल्या त्याच्या वागणुकीविषयी, तो मुळात आनंदी आहे का याविषयी चार शब्द बोलायला आपली जीभ रेटत नाही. बोलायच्या वेळी मुकी राहिलेली हीच जीभ, तो परत आला की कशी सैल सुटते!

दृढीकरणाच्या वर्गांना शिक्षक मिळत नाहीत, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक धर्मग्रामात ऐकू येते. नुकते बारावी झालेल्या मुलांच्या हाती पुस्तक देऊन आपण वर्ग चालवून घेतो. आणि त्याच धर्मग्रामात तत्त्वज्ञान शिकलेला, बायबलचे रीतसर अध्ययन केलेला एक तरुण दर रविवारी शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद होण्याआधी निघून जातो, कारण बाहेर पायरीवर त्याला काय विचारले जाईल हे त्याला पाठ झाले आहे.