बारा वर्षांचा खांदा आणि आजोबांची बंदूक

नोव्हेंबर संपत आला की अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील अनेक शाळांना एक सुट्टी मिळते, ती कोणत्याही सणाची नसते. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा तेथे पिढ्यान्‌पिढ्या हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. २०१९ मध्ये राज्याने हा मुहूर्त दोन दिवस अलीकडे, शनिवारवर आणला. तरी सोमवारची सुट्टी अनेक शाळांनी सोडली नाही. त्या पहाटे बापाबरोबर कडाक्याच्या थंडीत झाडाखाली बसलेल्या मुलांमध्ये बारा-तेरा वर्षांची बरीच असतात. त्यातल्या एखाद्याच्या हातात आजोबांची .३०-०६ असते. घराण्याची बंदूक म्हणून मोठ्या कौतुकाने दिलेली. पहिला बार उडतो, खांद्यावर दणका बसतो, कानठळ्या बसतात, आणि बाप मात्र हसत म्हणतो, होईल सवय.

सवय होते, पण बापाला अभिप्रेत असलेली नव्हे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली आणि ते योग्यच झाले. त्यामुळे हा प्रश्न येथील घरांत उद्भवत नाही. परंतु अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेतल्या मित्रांबरोबर शिकारीच्या तळावर जाण्याचा हट्ट धरतात आणि आईवडिलांना त्यातले काहीच ठाऊक नसते. शिकार करावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा आणि त्या देशाच्या कायद्याचा प्रश्न. मुलाच्या हाती कोणते काडतूस द्यावे, हा मात्र शरीरशास्त्राचा आणि पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बरेचसे मोजून देता येते.

बंदुकीचा धक्का म्हणजे न्यूटनचा तिसरा नियम. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. गोळीबरोबर जळलेल्या दारूचा वायूही प्रचंड वेगाने पुढे फेकला जातो आणि त्याचाही हिशेब खांद्यालाच चुकवावा लागतो. साडेतीन किलोच्या आतबाहेर वजनाची बंदूक धरली, तर .३०-०६ चे जड गोळीचे काडतूस सुमारे ३० ज्यूल ऊर्जेने खांद्यावर येते. त्याच वजनाच्या बंदुकीतून .२४३ विंचेस्टर उडवले तर हा आकडा १३ च्या आसपास राहतो. एक किलो साखरेची पिशवी तीन मीटरवरून पडणे आणि सव्वा मीटरवरून पडणे, एवढा हा फरक. ऐंशी किलोच्या माणसाचे धड या धक्क्याबरोबर मागे झुलते आणि तो पचवते. चाळीस किलोच्या मुलाला तेवढी मुभा नसते. त्यातून दस्ता त्याच्या हाताला लांब पडत असेल तर तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर किंवा गळपट्टीच्या हाडावर टेकतो. दुर्बिणीची कडा भुवईवर आपटून रक्त येण्याचा प्रकारही बहुधा अशाच चुकीच्या मापातून घडतो.

येथे एक गंमत आहे, आणि दुकानदार ती सहसा सांगत नाहीत. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बंदुका आखूड दस्त्याच्या आणि हलक्या असतात. आखूड दस्ता चांगलाच. पण काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली की धक्का वाढतो, कमी होत नाही. वर .२४३ साठी दिलेला १३ चा आकडा पावणेतीन किलोच्या बंदुकीत १७ च्या घरात जातो आणि .३०-०६ चा चाळीसपर्यंत पोहोचतो. मुलाला उचलायला सोपी ती त्याला उडवायला जड, असा हा उलटा व्यवहार. त्यामुळे दस्ता आखूड, पण वजन बेताचे राखलेले, आणि ते पेलायला तिकाटणे किंवा वाळूची पिशवी, ही जुळणी अधिक शहाणपणाची. मागे जाड मऊ रबराची गादी असली की तोच धक्का किंचित अधिक वेळात आणि अधिक जागेवर पसरतो.

खांदा निळा पडला तरी आठवड्यात बरा होतो. मेंदू एवढ्या लवकर विसरत नाही. अचानक मोठा आवाज आणि धक्का आला की डोळे मिटणे, मान आत ओढणे, खांदे आवळणे ही माणसाची जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पावलोवच्या कुत्र्यांना जशी घंटेची सवय लागली, तशी येथे चाप ओढण्याची लागते: बार उडण्याआधीच शरीर आवळून घेते. डोळा मिटतो, नळीचे तोंड खाली झुकते, गोळी भलतीकडे जाते. नेमबाजीत हा दोष एकदा जडला की तो काढायला महिनोन्‌महिने लागतात आणि पुष्कळांचा तो जन्मभर जात नाही. होईल सवय म्हणणाऱ्या बापाने हीच सवय लावलेली असते.

म्हणूनच सुरुवात .२२ च्या छोट्या काडतुसाने करावी, याबद्दल जाणत्या प्रशिक्षकांत फारसे दुमत नाही. त्याचा धक्का अर्ध्या ज्यूलपेक्षाही कमी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये कांस्यपदक जिंकले ते याच .२२ काडतुसावर, आणि त्या प्रकारात बंदुकीला आठ किलोपर्यंत वजनाची मुभा असते. हे काडतूस लहान मुलांचे म्हणून हिणवण्यासारखे नाही, हे कोल्हापूरकरांना तरी सांगायला नको.

पण .२२ ने हरीण मारू नये. कमी धक्क्याच्या नादात फार कमजोर काडतूस निवडले तर त्याची किंमत जनावर मोजते. फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या वीत-सव्वा वीत जागेत पुरेशी खोल गेलेली गोळी हरणाला काही क्षणांत संपवते. तोकडी पडली तर ते जखमी होऊन झाडीत शिरते आणि तासन्‌तास तडफडते. पहिल्याच शिकारीत हे पाहिलेले मूल ते विसरत नाही. कोलोरॅडो राज्याने याची रेषाच आखली आहे. तेथे हरणासाठी बंदुकीचा व्यास किमान .२४ इंच हवा, गोळी किमान ७० ग्रेनची हवी आणि शंभर यार्डांवर तिच्यात किमान १००० फूट-पौंड ऊर्जा उरायला हवी. १९५५ साली बाजारात आलेले .२४३ या रेषेच्या जेमतेम वर बसते. मुलांसाठी त्याची निवड एवढी सर्रास होते ती उगीच नव्हे. मात्र व्यासाने ते काठावरचे आहे. गोळी हरणासाठी बनवलेली, आत शिरेपर्यंत न फुटणारी हवी आणि अंतर शंभर-दीडशे मीटरपलीकडे नको.

त्याच्या एक पायरी वर १९८० चे ७ एमएम-०८ रेमिंग्टन आणि २००७ चे ६.५ क्रीडमोर. दोघांचाही धक्का वर धरलेल्या बंदुकीत १८ ते २१ ज्यूलच्या दरम्यान. चौदा-पंधरा वर्षांच्या, अंगाने भरलेल्या मुलामुलींना ही दोन्ही पेलतात आणि पुढे मोठेपणीही बदलावी लागत नाहीत. ७ एमएमच्या ताकदीबद्दल शंका असणाऱ्यांनी जिम कॉर्बेट आठवावा. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्याला भेट मिळालेली रिग्बी रायफल .२७५ ची, म्हणजे जर्मन ७×५७ माउझर काडतुसाचीच होती, आणि ताकदीने ते आजच्या ७ एमएम-०८ चे सख्खे भावंड शोभेल. कॉर्बेटचा भरवसा दणक्यावर नव्हता, नेमावर होता.

खांद्याबद्दल एवढी चर्चा होते, पण खरे कायमचे नुकसान होते ते कानाचे. शिकारीच्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या पुढे जातो. अशा क्षणिक आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांची मर्यादा १४० आणि मुलांची १२० डेसिबल धरली आहे. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. २० डेसिबलची वाढ म्हणजे दाब दहापट. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यांचा डावा कान अधिक बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याची सावली मिळते. कानाच्या डॉक्टरांना हे चित्र चांगले परिचयाचे आहे. सरावाच्या वेळी कानात बोळे आणि वरून कर्णकवच, दोन्ही हवीत. दोन्हीचे संरक्षण बेरजेने दुप्पट होत नाही, एकावर आणखी पाच-दहा डेसिबलच मिळतात, पण मुलाच्या कानाला तेही हवेत. जंगलात हलका आवाज ऐकू देणारी आणि बार उडताच तो दाबणारी इलेक्ट्रॉनिक कवचे मिळतात. ती नको असे म्हणायला खर्चाखेरीज कारण नाही, आणि बंदुकीवर एवढे पैसे घालणाऱ्याने खर्चाचे कारण सांगू नये.

याच कारणाने नळीच्या तोंडावर बसवायचे छिद्रांचे धक्कारोधक मुलाच्या बंदुकीवर टाळलेले बरे. वायू बाजूला वळवून ते खांद्याचा भार खरोखरच हलका करते. मात्र तोच आवाज नेमबाजाकडे आणि शेजारी बसलेल्या बापाकडे परततो.

हाडांबद्दल थोडक्यात. दंडाच्या हाडाची लांबी सुमारे ऐंशी टक्के त्याच्या वरच्या टोकाशी वाढते आणि तो वाढीचा पट्टा सोळा ते वीस वर्षांपर्यंत उघडा असतो. वारंवार छर्ऱ्याची बंदूक उडवणाऱ्या प्रौढांच्या खांद्याच्या हाडाला ताणाने चीर गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हंगामातल्या चार बारांनी मुलाचे हाड मोडत नाही, पण एका बैठकीत चाळीस जड काडतुसे उडवायला लावणे हा सराव नव्हे, छळ आहे. आठ-दहा बार पुरेत, उरलेला वेळ .२२ वर.

बंदूक घरी आल्यावर ती कुठे राहते, हे तर काडतुसाच्याही आधीचे. २०२० पासून अमेरिकेत एक ते एकोणीस वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदुकीची गोळी हेच आहे, आणि त्यातले बहुतेक मृत्यू खून वा आत्महत्येचे आहेत, शिकारीतल्या अपघाताचे नव्हेत. बंदूक कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली मुलाला ठाऊक नसलेल्या जागी. तेराव्या वर्षी कितीही जबाबदार वाटणारा मुलगा सोळाव्या वर्षी एखाद्या रात्री तसा असेलच असे नाही.

काडतूस जड झाले की नाही, हे मुलाला विचारून कळत नाही. बापासमोर दुखले म्हणायला मूल कचरते. त्यासाठी प्रशिक्षक एक साधी युक्ती करतात. खऱ्या काडतुसांत मधेच एक बिनदारूचे काडतूस मुलाच्या नकळत भरायचे आणि नळीच्या तोंडाकडे पाहत राहायचे. चाप ओढला, नुसती टक्‌ झाली आणि नळी जागची हलली नाही, तर ठीक. नळीने खाली डोके घातले, तर त्या दिवसापुरती ती बंदूक पेटीत ठेवून पुन्हा .२२ काढायची.