मधुमेहींच्या जखमा आणि प्राणवायू उपचार

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पायाची जखम चिघळल्याने त्यांपैकी अनेकांना पाय गमवावा लागतो. अशा जखमांसाठी वाढीव दाबाच्या बंद कक्षात शुद्ध प्राणवायू देतात. बहुधा ३० ते ४० सत्रे लागतात. खर्चही मोठा असतो.

लाभ किती? स्वीडनमधील २०१० च्या चाचणीत वर्षअखेर ५२ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या. त्याच दाबाखाली साधी हवा घेणाऱ्यांत २९ टक्के. नेदरलँड्समधील २०१८ च्या चाचणीत मात्र ठोस लाभ दिसला नाही.

म्हणून आम्ही या उपचारास पूरक मानतो, पर्याय नव्हे. पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी, जखमेची स्वच्छता व साखरेचे नियंत्रण प्रथम झाले आहे काय, हे दागिने गहाण टाकण्यापूर्वी कुटुंबीयांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे.