विश्लेषण : इंग्लंडमध्ये वाइनच्या जोडीला चीज कशासाठी?

ससेक्स, केंट भागातील खडूची जमीन फ्रान्समधील शॅम्पेन प्रांताशी मिळतीजुळती. म्हणूनच तिथे स्पार्कलिंग वाइनचे मळे वाढले. मात्र वेल लावल्यावर पहिले पीक साधारण तिसऱ्या वर्षी येते. पुढे बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली वाइन मुरायला अनेकदा आणखी दोन-तीन वर्षे जातात. त्यातच एप्रिल-मेमध्ये एका रात्री दव गोठले, की कोवळे कोंब करपतात. तोवर कुटुंबाने खर्च कशातून भागवायचा? मऊ चीज काही आठवड्यांत विकता येते. मुरलेले चेडरही साधारण वर्षभरात बाजारात जाते. गायींच्या धारेला सुट्टी नसते, हे खरे. पण पैसाही फिरता राहतो. त्यामुळे कौटुंबिक इस्टेटीवरील चीज ही हौस नव्हे, वाइनचा विमा आहे. द्राक्षांच्या मोहात गोठा मोडणे परवडणारे नाही.