झडीचे दिवस आणि घरातले वाचन

आषाढात एकदा झड लागली की घराचे रूप पालटते. ओले कपडे खोल्याखोल्यांतून लोंबत राहतात, काड्यापेटी सादळते आणि चौथ्या दिवशी मुलांची कुरकुर सुरू होते. ‘एखादे पुस्तक घेऊन बसावे’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो वाईट नाही, पण घरातल्या एकाच माणसाच्या सोयीचा आहे. एक जण कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसला, तर मोतीबिंदू झालेल्या आजींनी, स्वयंपाकघरातून हलू न शकणाऱ्या गृहिणीने आणि अजून अक्षरे जुळवणाऱ्या बालकाने काय करावे?

आपल्याकडील पावसाळी वाचनाची जुनी रीत निराळी होती. एकाने वाचावे, सर्वांनी ऐकावे.

केरळात कर्कटकम् हा महिना जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येतो. पूर्वी या दिवसांत कामे थांबत आणि घरातले धान्य तळाला जाई. म्हणून जुनी माणसे त्याला ‘पञ्ञ कर्कटकम्’, म्हणजे टंचाईचा कर्कटक, म्हणत. याच महिन्यात तिन्हीसांजेला दिवा लावून एळुत्तच्छन यांचे ‘अध्यात्मरामायणम् किळिप्पाट्टु’ रोज थोडेथोडे वाचायचे आणि महिनाअखेर पुरे करायचे, ही प्रथा आजही चालू आहे. किळि म्हणजे पोपट आणि पाट्टु म्हणजे गाणे. कवीने सारी कथा पक्ष्याच्या मुखाने सांगवली आहे. हा ग्रंथ कानांसाठीच रचलेला आहे, हे त्याच्या नावावरूनच कळते. पोटाला कमी पडण्याच्या दिवसांत घराने एका आवाजाभोवती बसावे, ही योजना ज्यांना सुचली त्यांना माणसाचे मन चांगले ठाऊक असले पाहिजे.

महाराष्ट्रात चातुर्मासात पोथी लावण्याची चाल आहे. श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा १७१८ मध्ये पूर्ण झालेले ‘शिवलीलामृत’ कित्येक निरक्षर माणसांना केवळ ऐकून पाठ असे. बौद्ध भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहत. त्या वर्षावासाच्या काळात आज महाराष्ट्रातील विहारांतून डॉ. आंबेडकरांच्या, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना या रीतीची गरज अधिक आहे, असे आम्हांस वाटते. इंदूर, बडोदे, बंगळूर, दिल्ली येथील मुले घरी मराठी बोलतात, पण शाळेत दुसऱ्याच भाषेत शिकतात. ‘जेवायला चल’ एवढी मराठी त्यांना येते. ग्रंथातील मराठी मात्र परकी वाटते. अशा मुलाच्या हाती जाड पुस्तक दिले तर ते दोन पानांत मिटते. तेच पुस्तक कोणी वाचून दाखवले, तर अर्धे शब्द न कळताही गोष्ट कळते, आणि राहिलेले शब्द मागाहून कळू लागतात. आजीची भाषा नातवापर्यंत पोचायला याहून सोपी वाट आम्हांस दिसत नाही.

वाचनासाठी धार्मिक ग्रंथच हवा असे नाही. कादंबरी, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, काहीही चालेल. रोज वीस मिनिटे पुरेत, आणि थांबावे ते उत्कंठेच्या जागी. मुलाने वाचण्याचा हट्ट धरला तर वाचू द्यावे. मात्र त्याच्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवू नये.

एक अडचण मात्र खरी आहे. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की वाचणाऱ्याचा आवाज बुडतो. मेघालयातील मावसिनरामला वर्षाला सरासरी ११,८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील लोक हा आवाज मंदावण्यासाठी छपरावर गवत अंथरतात. त्या गावाजवळच्याच चेरापुंजीला १८४१ मध्ये टॉमस जोन्स हे वेल्श धर्मोपदेशक आले आणि त्यांनी खासी भाषा रोमन लिपीत लिहिण्यास आरंभ केला. जगातील अत्यंत ओल्या मुलुखात एका भाषेचे छापील वाङ्मय असे उभे राहिले! आपल्याला गवत अंथरणे जमणार नाही. भिंतीकडच्या खोलीत जवळजवळ बसले तरी पुरते.

पुस्तकांच्या दृष्टीनेही हे वाचन हिताचे आहे. दमट, कोंडलेल्या हवेत बुरशी वाढते, आणि कसर खळीच्या वासाने बांधणीत शिरते. महिनोन्‌महिने न हललेल्या पुस्तकाला दोन्हींचा उपद्रव अधिक. कपाटात पुस्तके ठासून भरू नयेत, ती भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. जुन्या घरांत पोथीच्या बासनात वेखंड ठेवीत. वाळलेला कडुनिंबाचा पालाही चालतो, पण ओलसर पाला मुळीच नको. पुस्तक भिजलेच तर कडक उन्हात टाकू नये, पाने वाकडी होतात. दर काही पानांआड कोरा टिपकागद घालून ते पंख्याच्या वाऱ्यात उभे ठेवावे, आणि कागद ओला झाला की बदलावा. वर्तमानपत्राचा कागद घालू नये. त्याची शाई पानांवर उतरते.