मोबाईल वर धरला म्हणजे फोटोग्राफर झालात का?

स्पष्टच लिहितोय. राग आला तर कमेंटमध्ये भांडा.

नगर रोडला अपघात झाला की ॲम्ब्युलन्सच्या आधी फोटो पोचतो. पडलेला माणूस, चेहरा उघडा, फाटलेले कपडे. दहा मिनिटांत गावातल्या सगळ्या ग्रुपवर. घरच्यांना बातमी कळते ती फॉरवर्डमधून. आणि काढणारा म्हणतो, "आपण पण फोटोग्राफीच करतो की!"

नाही भाऊ. फरक लाखाच्या कॅमेऱ्याचा नाही, फोटोची जबाबदारी घेण्याचा आहे.

२६ नोव्हेंबर २००८. सीएसएमटीवर गोळीबार चालू असताना 'मुंबई मिरर'चे सेबॅस्टियन डिसूझा आत गेले आणि कसाबचा फोटो काढला. पुढे खटल्यात साक्षही दिली. फोटो माझा, मी तिथे होतो, हे कोर्टात उभं राहून सांगितलं. आपल्या ग्रुपवरच्या फोटोला बाप असतो का? "फॉरवर्ड आलाय" म्हणून सगळे हात झटकतात.

दुसरं नाव सुधारक ओलवे, २०१६ चे पद्मश्री. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी काढले. घाणीत उतरलेला माणूस दाखवला, पण त्याची इज्जत काढली नाही. लाज वाटते ती बघणाऱ्याला.

आता आपल्या दारातलं. डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मध्यरात्री डंपर गेला. तिघं गेली, त्यात दोन लहान लेकरं. कामासाठी अमरावतीहून आलेली माणसं. यात दाखवायचं काय होतं? रक्त? की डंपर धावणाऱ्या रस्त्याकडेला लेकरं घेऊन झोपायची वेळ कामगारावर का येते, ते? रक्ताचा फोटो कुणीही काढेल. दुसऱ्या फोटोसाठी अपघाताच्या आधी आणि नंतरही तिथं जावं लागतं, माणसांशी बोलावं लागतं.

"फोटोमुळे तरी प्रशासन हलतं," असं काही जण म्हणतील. मान्य. मग हलेल असा काढा. गाडीचा नंबर, खड्डा, बंद दिवा, ठिकाण ओळखू येईल अशी पाटी. तारीख-वेळ लिहा, खाली स्वतःचं नाव टाका. मूळ फाईल जपून ठेवा, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. जखमीचा, मेलेल्याचा चेहरा नको.

आणि सगळ्यात आधी जखमीला उचला. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. पोलीस तुमच्यावर नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत.

२०२१ मध्ये आपण महापालिकेत गेलो. रस्ता, पाणी, कचरा, सगळ्याचे पुरावे लागणार आहेत. वाघोलीला फोटोग्राफर हवेत. बघ्यांची गर्दी आधीच भरपूर आहे.

पुढचा फोटो टाकायच्या आधी एकच विचारा: तो पडलेला माणूस माझा भाऊ असता तर टाकला असता का?