पानगळीचा खरा रंग

वाघोलीहून एका भगिनीने दोन छायाचित्रे पाठवली आहेत. म्हणजे छायाचित्र एकच, रूपे दोन. त्यांच्या अब्बांच्या शेताकडेला ओढ्यालगत एक छोटी राई आहे. पाच-सहा साग, दोन थोराड कडुनिंब, एक पळस, काही बाभळी, खाली वाळलेले गवत आणि मागे जुन्या खाणीचा उभा कातळ. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण जमिनींचे तुकडे पडायला त्याच्या कितीतरी आधीपासून सुरुवात झाली होती. आता या राईचाही नंबर लागला आहे. पावसाळ्यापर्यंत झाडे राहतील असे दिसत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, असर आणि मगरिबच्या मधल्या वेळेला त्यांनी मोबाइलवर हा फोटो घेतला. अब्बा अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांच्या समोरच्या भिंतीवर तो मोठा करून लावायचा आहे.

पहिले रूप मोबाइलने दिले तसेच आहे. दुसरे मुलाने 'ऑटम' नावाचा फिल्टर लावून केले आहे. अब्बांनी दोन्ही पाहिली आणि ही आपली झाडे नव्हेत, असे म्हणून मान फिरवली. भगिनी विचारतात, यातले कोणते छापू?

अब्बांचे बरोबर आहे. यातले कोणतेच छापू नका. मात्र पहिली फाईल जपून ठेवा, कारण खरा रंग तिच्यातूनच काढायचा आहे.

पहिल्या चित्रात संध्याकाळ असूनही सगळे थंड, निळसर, आजारी दिसते. याचे कारण मोबाइलचा 'ऑटो व्हाइट बॅलन्स'. समोरचा उजेड पिवळा आहे की निळा, हे मोबाइलला कळत नाही. तो अंदाज बांधतो. त्याचा एक जुना ठोकताळा असा, की कोणत्याही दृश्यातले सगळे रंग एकत्र कालवले तर साधारण राखाडी रंग तयार व्हावा. बाजारातल्या गर्दीला हे लागू पडते. पानगळीच्या राईला नाही. तिथे झाडे, गवत, माती सारेच पिवळ्या-तपकिरी घराण्यातले. मोबाइलला वाटते, हा पिवळेपणा उजेडाचा दोष आहे. मग तो निळा ओतून 'दुरुस्ती' करतो आणि सागाच्या पानातला तांबूसपणाच धुऊन टाकतो. अलीकडचे मोबाइल याहून हुशार आहेत, तरी अशा एकरंगी दृश्यात अजूनही फसतात.

दुसऱ्या चित्राची गोष्ट वेगळी. शाळेच्या पुस्तकात 'ऑटम' म्हणजे शरद ऋतू असे आपण पाठ केले. पण आपला शरद आश्विन-कार्तिकातला. तेव्हा रान हिरवे असते. आपली पानगळ शिशिरातली, आणि तीही मुख्यतः पाण्याच्या टंचाईने होते. थंड देशांत दिवस लहान होतात, पानातले हिरवे द्रव्य मोडते, खालचा पिवळा रंग उघडा पडतो आणि मेपलसारख्या झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. आपल्या सागाचे पान मात्र वाळून, चुरगळून तपकिरी होते. आपल्याकडे लाली दिसते ती बहुधा कोवळ्या पालवीत. पिंपळाची तांबूस पालवी, कुसुंबाची लालभडक पालवी, आणि याच कडुनिंबांना मार्चमध्ये फुटणारी कोवळी तांबडी पाने. तिकडे पान जाताना लाल होते, आपल्याकडे येताना. मेपलसाठी बनवलेला फिल्टर वाघोलीच्या कडुनिंबावर लावला, तर हिरव्या-पिवळ्या पानांचे नारिंगी पान होणारच. मुलाचा यात काही दोष नाही, फिल्टरला झाडाची जात कळत नाही.

काश्मीरच्या चिनारावर तो फिल्टर कदाचित शोभला असता. तिथल्या पानगळीला 'हरुद' म्हणतात आणि चिनार तेव्हा खरोखर पेटल्यासारखा दिसतो. जहांगीरच्या काळातला चित्रकार अबुल हसन याचे म्हणून सांगितले जाणारे, चिनारावरच्या खारींचे एक चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. छापील प्रत मिळाली तर त्यातली पाने निरखून पाहा. सगळ्या झाडावर एकच सोनेरी हात फिरवलेला नाही. हिरवट पान, पिवळे पान, नारिंगी पान असे प्रत्येक आपापल्या जागी आहे.

आता कामाला लागू. दोन चित्रांच्या मधोमध काहीतरी निवडावे, असे वाटेल. पण त्याने जमणार नाही. पहिल्या चित्रात उजेड चुकला आहे, दुसऱ्यात पानांचे रंग. आधी उजेड ठीक करायचा, मग पानांना हात लावायचा. हा क्रम उलटला की माणूस तासभर बटणे सरकवत बसतो.

उजेडासाठी चित्रात अशी वस्तू शोधा जिला स्वतःचा रंग जवळजवळ नाही. वाघोलीकरांचे नशीब चांगले, खाणीचा कातळ मागेच आहे. ताजा फुटलेला काळा पाषाण राखाडी असतो. स्नॅपसीड या मोफत ॲपमध्ये 'व्हाइट बॅलन्स'खाली ड्रॉपर आहे. त्याची टिकली कातळाच्या उन्हातल्या भागावर ठेवा. पावसाने तांबूस झालेला किंवा शेवाळलेला भाग टाळा. तीन-चार जागा तपासा. एकीवर विसंबू नका. हा दगड किंचित निळसर असतो, त्यामुळे चित्र गरजेपेक्षा थोडे पिवळे होऊ शकते, तेही ध्यानात असू द्या.

चित्रात कोपऱ्याला उभ्या भाच्याचा पांढरा कुर्ता आहे. टिकली त्याच्यावर ठेवण्याचा मोह होईल. ठेवू नका. आपण कपड्यांना नीळ घालतो, आणि धुण्याच्या पावडरीतही असे द्रव्य असते जे सूर्यातले अदृश्य किरण घेऊन निळसर उजेड परत फेकते. त्या कुर्त्याला पांढरा मानले तर सारे रान हळद लावल्यासारखे होईल.

ड्रॉपरने कातळ अगदी राखाडी केला की दुसरी गंमत होते: संध्याकाळ निघून जाते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. भर दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्विन, मावळतीकडचे त्याहून बरेच कमी, म्हणजे अधिक पिवळे. तो पिवळेपणा दोष नाही, तीच तर ती वेळ आहे. म्हणून ड्रॉपरने राखाडी झाल्यावर 'टेंपरेचर'ची पट्टी हळूहळू उबदार बाजूला न्या आणि सागाच्या खोडावरचे ऊन उन्हासारखे वाटले की थांबा. कातळ आता जरा पिवळट दिसेल. दिसू द्या. झाडांखालच्या सावल्या मात्र निळसर राहतील, कारण तिथे उजेड आकाशाचा पडतो. त्या पार पुसू नका. ऊन पिवळे वाटते ते शेजारच्या निळ्या सावलीमुळेच.

यानंतर पानांचे रंग. यासाठी लाइटरूमच्या मोबाइल ॲपमधले 'कलर मिक्स' सोयीचे. तिथे लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा अशा वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. तपकिरी सापडणार नाही. तपकिरी म्हणजे काळोखी नारिंगी. तेव्हा सागाची पाने हवी असतील तर नारिंगीची पट्टी धरा, तिचा भडकपणा थोडा कमी करा, उजळपणा किंचित खाली आणा. वाळके पान लगेच वाळके दिसू लागेल. कडुनिंबासाठी हिरव्या पट्टीकडे धावू नका. डोळ्याला हिरवे वाटणारे पुष्कळसे पान कॅमेऱ्याच्या लेखी पिवळे असते. पिवळी पट्टी केसभर हिरव्याकडे सरकवली की अर्धे पिकलेले, अर्धे हिरवे असे ते झाड परत येते. बाभळीचा धुरकट हिरवा आहे तसा ठेवा.

आणि सगळ्या रंगांचा भडकपणा एकदम वाढवणारी 'सॅच्युरेशन'ची पट्टी विसरून जा. या राईचे रंग आपल्याच घरातले आहेत: खाकी, बदामी, राखी, तपकिरी. खाकी शब्दच 'खाक'वरून आला, म्हणजे माती. मातीला चमक देऊन चालत नाही.

हे काम दिवसा, खिडकीजवळ बसून करावे. रात्री अनेक मोबाइल डोळ्यांना आराम म्हणून पडदा आपोआप पिवळा करतात; तशा पडद्यावर नीट दिसणारे चित्र सकाळी निळे निघते. ती सोय आधी बंद करा. आणखी एक, आपला डोळा कोणत्याही रंगाला दहा मिनिटांत सरावतो. म्हणून काम झाले की चित्र ठेवून द्या, दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने पाहा. आणि शेवटची परीक्षा अब्बांची. त्यांना मोबाइल हातात देऊन कोणते झाड कोणते, एवढेच विचारा. त्यांनी न अडखळता साग, निंब, पळस ओळखले तर रंग जमला.

छापताना लगेच मोठी प्रत मागू नका. आधी ४ बाय ६ इंचांची एक प्रत काढा. कागद पडद्यासारखा स्वतः उजळत नाही, त्यामुळे छापील चित्र थोडे काळोखे येते. तेवढे उजळून घ्या. लॅबमध्ये यंत्र स्वतःहून रंग 'सुधारते', म्हणजे मोबाइलने केले तेच पुन्हा होते. ऑटो करेक्शन बंद ठेवून छापा, असे आधीच सांगा. नमुना अब्बांच्या खोलीतच, त्याच भिंतीवर, दिवसा आणि दिवा लावून असा दोन्ही वेळा पाहा. पिवळ्या बल्बखाली तपकिरी रंग जास्त तांबूस दिसतो. तिथे पांढरा दिवा असेल तर उत्तम. काचेची फ्रेम खिडकीसमोर लावाल तर पलंगावरून राईऐवजी खिडकीच दिसेल, म्हणून मॅट कागद घ्या. मोठी प्रत आली की मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने तारीख, ओढ्याचे नाव आणि डावीकडून उजवीकडे झाडांची नावे लिहून ठेवा. ती नावे अब्बांकडूनच विचारून घ्या.