गाडीला पिकप हवा की हाताला सराव?

आपल्या जिल्ह्यात चारचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. नंदुरबारचा मिरचीवाला असो, शहाद्याचा कापडवाला असो की तळोद्याचा लाकूडकाम करणारा कारागीर, त्याच्या दारातली गाडी सहा दिवस दुकानाची असते आणि एक दिवस घरच्यांची. मागची सीट काढून माल भरायचा, धडगाव-मोलगीचा आठवडे बाजार करायचा आणि निकाहाचे आमंत्रण आले की तीच सीट परत बसवून अम्मी-अब्बा व मुलाबाळांना घेऊन मालेगाव किंवा सुरत गाठायची. ओम्नी २०१९ साली बंद झाली. तिच्या जागी ईको आली, कोणाकडे बोलेरो आली, पण कामाची तऱ्हा तीच आहे.

अशा गाडीवर पैसा खर्च करण्यास कोणाची हरकत असणार? प्रश्न एवढाच की तो कशावर करावा.

मी नंदुरबारात बरीच वर्षे गॅरेज चालवीत आहे, म्हणून जे रोज पाहतो ते लिहितो. मध्यंतरी एका व्यापारी घरातला तरुण गाडी घेऊन आला. त्याला मोकळा सायलेन्सर, बाहेरचा एअर फिल्टर आणि रुंद टायर बसवून हवे होते, आणि इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅमही बदलायचा होता. हिशेब चाळीस हजारांच्या घरात जात होता. मी सवयीप्रमाणे चाके उघडून पाहिली. मागच्या ब्रेकचे लायनर संपून पत्रा ड्रमला घासू लागला होता. मी म्हटले, आधी हे करून घे. तो म्हणाला, "ब्रेक लागतो आहे ना चाचा, ते पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी! जास्त पळणारी गाडी त्याला आजच हवी होती आणि थांबणारी गाडी पुढच्या वेळी.

हे एका मुलाचे वेड म्हणून सोडून देता येत नाही. गाडी वेगवान झाली म्हणजे आपण चांगले चालक झालो, अशी समजूत जाणत्या लोकांतही आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा पारखणारे आपले बुजुर्ग असे कधी मानत नसत. महागडा घोडा आणि कच्चा स्वार ही जोडी त्यांना परवडत नव्हती. ते आधी स्वाराची मांड बघत आणि मग जनावराची किंमत बोलत. ती नजर मोटारीच्या बाबतीत कुठे गेली कोण जाणे.

जरा हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, ८० ने जाणारी २२ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे एवढे अंतर ब्रेक लागण्याआधीच संपते. त्यानंतर ब्रेकला जी ताकद जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग ६० चा ८० झाला, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने वाढला, की ब्रेकवरचे काम पावणेदोन पटीहून अधिक होते. कंपनीने क्लच, गिअर आणि ब्रेक मूळ इंजिनाच्या ताकदीला जोडून बसवलेले असतात. तुम्ही इंजिन फुगवले म्हणून बाकीचे भाग काही फुगत नाहीत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले. इंजिनात ताकद कमी पडली म्हणून कोणी मेल्याची नोंद त्यात सापडणार नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आली. वर अपघात झाल्यास विमा कंपनी दाव्यात अडचण काढू शकते ते वेगळेच. ज्याची पुंजी दुकानात अडकलेली आहे त्याने याचा विचार केलेला बरा.

आता घाटाकडे येतो, कारण आपल्या जिल्ह्यात चालकाची खरी परीक्षा तेथेच होते. तापीकाठचा सपाट रस्ता कोणालाही जमतो. पण कोंडाईबारी, चरणमाळ, चांदसैली, तोरणमाळ! २१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे सुरतकडे निघालेली खाजगी बस कोंडाईबारी घाटात पुलावरून कोसळली आणि पाच माणसे गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि भाविक दगावले. त्या गाड्यांत नेमके काय चुकले यावर मी बोलणार नाही. मात्र या घाटांतून येणाऱ्या घरगुती गाड्यांच्या चाकांतून निघणारा धूर मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे.

कारण असे की चालक पूर्ण उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. लायनर आणि ड्रम तापतात, पकड सुटू लागते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात पाणी मुरलेले असते. ते उकळून वाफ होते आणि पेडल कापसात गेल्यासारखे खाली जाते. उपाय जुन्या ट्रकवाल्यांना पाठ होता: जो घाट ज्या गिअरमध्ये चढायचा तो त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते, आणि ब्रेक वळणापुरता, दाबून लगेच सोडायचा. या उपायाला एक पैसा लागत नाही.

उलट आपल्याकडे उताराला गाडी न्यूट्रल करण्याची आणि काही महाभागांना तर इंजिनच बंद करण्याची खोड आहे. म्हणे पेट्रोल वाचते. कार्बोरेटरच्या काळात थोडेफार वाचत असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहते. म्हणजे बचतीच्या नावाने खर्च वाढला आणि गाडीला धरणारा हातही सुटला. इंजिन बंद केले तर ब्रेकला आणि पॉवर स्टेअरिंगला मिळणारी मदतही जाते. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम तर लायसन्स खिशात असलेल्या निम्म्या लोकांना माहीत नसावा, असे रस्त्यावर तरी वाटते.

ज्यांना एव्हरेज हवा आहे त्यांनी टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासावी, कॅरिअर रिकामे असेल तेव्हा उतरवून ठेवावे, आणि गाडी ताशी ४५ ते ५५ च्या दरम्यान एका चालीने चालवावी. महिन्याच्या हिशेबात फरक दिसेल. रुंद टायरने तो उलट घटतो.

गाडीवर खर्च करूच नये असे मी म्हणत नाही. ब्रेक, टायर, वायपर आणि हेडलाइटचा नेम यांवर हात आखडू नये. शहादा भागात उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. तेथे तुमचा स्वतःचा दिवा आणि तुमचा सावध पाय यांचाच आधार. पण उरलेला पैसा हातावर खर्च करा. ड्रायव्हिंग स्कूलची शिकवणी लायसन्स मिळेपर्यंतची असते. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी निवृत्त एस.टी. चालक आहेत, ज्यांनी घाटांत उमर काढली. अशा एखाद्या वडीलधाऱ्याला योग्य मेहनताना देऊन आठ-दहा दिवस मुलाशेजारी बसवावे. एकदा दिवसा, एकदा रात्री, एकदा पावसात, आणि एकदा माल भरून. भरलेली गाडी रिकाम्या गाडीसारखी थांबत नाही, हे सांगून कळत नाही. घरात लेकीबहिणी चालवणाऱ्या असतील तर त्यांनाही हीच तालीम द्यावी. रात्री-अपरात्री दवाखान्यात जाण्याची वेळ येते तेव्हा घरात नेमका पुरुष असेलच असे नाही.

काही बंधू म्हणतील, मौत तर लिहिलेली आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला हजरत पैगंबर (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घासलेले लायनर घेऊन चरणमाळ उतरणाऱ्याने उंट बांधला असे कसे म्हणावे?

शेवटी माझ्या धंद्यातल्या भावांसाठी दोन शब्द. गॅरेजलाईनमध्ये आपली माणसे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक सायलेन्सर मागते, आपण बसवतो, पैसे घेतो. मीही बसवले आहेत, ते नाकारणार नाही. पण ज्या गाडीचे ब्रेक संपलेले आपण डोळ्यांनी पाहिले, तिला जास्त पळती करून देण्याची मजुरी हलाल कशी, हे मला त्या दिवशी कळेना. मी त्या मुलाच्या वडिलांना फोन केला. ते दुकान सोडून आले, लायनर हातात घेऊन पाहिले आणि मुलाला काही न बोलता माझ्याकडे वळून म्हणाले, "चारही चाके कर. बाकीचे राहू दे." चाळीस हजारांचे काम साडेचार हजारांवर आले. पुढच्या जुम्याला ते सगळे मालेगावला गेले, मुलगाच चालवत होता आणि शेजारी त्याचे मामू बसले होते, जे पंचवीस वर्षे ट्रक चालवत आले आहेत.